आधी मीठ वाढा

ये गं सायली, अशी जवळ बस. तू तिकडे अल ऐनला आणि मी इकडे दुबईत, करामात, पण कागदावर तरी जवळ बस. आणि आधी चार शब्द ऐकून घे. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा हो मावशी, लिहा हो मावशी म्हणून फोन केलेस, व्हॉइस नोट पाठवल्यास, लाल बदाम पाठवलेस, पण गाडी काढून एकदा घरी यावंसं काही वाटलं नाही. तुझी आई यायची ती न कळवता यायची, आणि येताना पिशवीत काहीतरी घेऊन यायची. तू कळवतेस खूप, येत नाहीस.

वर विषय काय दिलास, तर ‘माझी करिअर जर्नी’. कुठल्या साली कुठे लागले, मग प्रमोशन कधी झालं, हे सांगत बसले तर तुझे वाचक पान उलटून फराळाच्या रेसिपीकडे जातील. माझं एका वाक्यात होतं. मी एका वाइन बारमध्ये स्वयंपाक केला, बरीच वर्षं केला, आणि चांगला केला. 

हे वाचून मंडळातल्या काही जणींचा चहा कपातच राहील, ते मला माहीत आहे. आमचे हे मंडळात सांगायचे, “मिसेस हॉटेल लाइनमध्ये आहेत.” त्यात खोटं काही नाही बरं का. इथं बार बहुतेक हॉटेलच्या आतच असतो, आणि आमचाही करामाला लागून असलेल्या एका छोट्या हॉटेलच्या तळमजल्यावर होता. फक्त हे वाक्य तिथंच संपवायचे आणि क्रिकेटवर जायचे. परवा नातीला, अन्वीला, सगळं सांगितलं तर ती म्हणते, “आजी, यू वर्क्ड इन अ वाइन बार? दॅट्स सो कूल.” म्हटलं, कूल कसलं गं, चार शेगड्या पेटलेल्या असायच्या.

त्या नोकरीत मी गेले ती वांग्याच्या कापांमुळे. तेव्हा मी बिल्डिंगमधल्या बॅचलर लोकांना डबे करून द्यायची. एका दुपारी काप तळत होते, दार वाजलं. दारात एक उंच, कुरळ्या केसांची गोरी बाई. म्हणाली, “मी वर राहते. हा वास माझ्या आईच्या घरचा आहे.” मला वाटलं हिला ऊन लागलं असेल, म्हणून आत घेऊन पाणी दिलं. ती मार्ता. स्पेनच्या दक्षिणेकडची. तिच्याकडेही वांग्याचे असेच काप करतात, वरून मध सोडतात. तिने उभ्याउभ्या माझे सहा-सात काप खाल्ले आणि विचारलं, “माझ्याबरोबर काम करशील?” ती त्या बारची शेफ होती. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “बारमध्ये?” म्हटलं, “बारच्या किचनमध्ये. मधे दार आहे.” ते दार ह्यांना पुरलं. तसे मनाने मोठे आहेत हो. आणि मग तिथे तेच काप पंचेचाळीस दिरहमला, म्हणजे आजच्या भावाने हजार रुपयांना प्लेट, जातात म्हटल्यावर तेव्हापासून हे घरचे काप जरा जास्तच आदराने खातात.

आता तापास म्हणजे काय, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. छोट्या छोट्या बशांतून येणारं खाणं. दोन घास हे, तीन घास ते, मधे वाइनचा घोट, मधे गप्पा. पाव आणि टोमॅटो, तळलेल्या मिरच्या, पालक घालून चणे, बटाट्याचं जाड आम्लेट, मासे, आपल्या कटलेटसारखे क्रोकेट, ऑलिव्ह. मार्ता पहिल्या दिवशी मला तासभर समजावत होती. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, कळलं. आमच्या ताटात डावी बाजू असते, तिथे चटणी, लोणचं, कोशिंबीर, असं थोडं थोडं वाढतात. तुमच्याकडे सगळं जेवणच डाव्या बाजूचं. मार्ताला ते इतकं आवडलं की नवीन वेट्रेस आली की तिला माझ्यापुढे उभी करायची आणि म्हणायची, “शोभा, टेल हर अबाउट द लेफ्ट साइड.”

आपली माणसं मात्र फसायची. एक गृहस्थ सहकुटुंब आले, आठ-दहा बशा फस्त केल्या, आणि वेट्रेसला विचारतात, “अच्छा, स्टार्टर हो गया. खाना कब आएगा?” मीच बाहेर जाऊन सांगितलं की दादा, खाना झाला. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला आत जाऊन त्यांच्यासाठी थोडा भात टाकावासा वाटला. दुसरे एक म्हातारे इंग्रज साहेब तुझ्या अल ऐनहून यायचे, ड्रायव्हर घेऊन, कारण पिऊन गाडी चालवायचं इथं नावसुद्धा काढायचं नाही. ते फक्त तळलेल्या मिरच्या खायचे. त्या मिरच्या बहुतेक गोड्या असतात, पण मधेच एखादी तिखटजाळ निघते. तिखट मिळाली की साहेब टेबलावर हात आपटून खूश. एवढा वाळवंटातला रस्ता कापून माणूस एका मिरचीसाठी येतो, म्हणजे बघ.

वाइनचं म्हणशील तर मी कधी घेतली नाही. मला ती कळायची ती मिंगेलमुळे. मिंगेल आमचा बारमन, गोव्यातल्या म्हापशाचा. माझ्याशी कोकणी-मराठी असं मिसळून बोलायचा आणि मला ‘माई’ म्हणायचा. नवीन बाटली उघडली की मी विचारायची, “आंबट की तुरट?” तो चाखून सांगायचा. आंबट पांढरी असली की तळणाबरोबर, कारण ती तोंडातलं तेल पुसून काढते, आपली सोलकढी करते तसं. तुरट लाल असली की मांस, वांगं, चणे. एवढं पुरायचं. तो कसल्या कसल्या बेरींची नावं घ्यायचा, ज्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. मी म्हटलं, “अरे, जांभूळ म्हण.” तेव्हापासून इंडियन गिऱ्हाइकांना तो जांभूळच सांगायचा आणि लोक माना डोलवायचे.

एका बाबतीत मात्र माझं आणि मार्ताचं कधी जमलं नाही. ती जिभेची बाई होती. खिशात चार चमचे, दर दोन मिनिटांनी एक तोंडात. आणि मी स्वयंपाक करताना चाखत नाही. माझ्या मावशीने मला घडवलं, ती आमच्या देवरुखजवळच्या देवळात महाप्रसादाचा स्वयंपाक करायची. नैवेद्य दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही म्हणजे नाही. मी लहानपणी विचारलं होतं, मग मीठ बरोबर पडलं हे कळणार कसं? तर म्हणाली, “नाक दिलंय, डोळे दिलेत, बोटं दिलीत. जीभ जेवायला ठेव.” आमटीला उकळी आली की वासावरून तिला कळायचं, तसं मलाही कळायला लागलं. मीठ बोटांनाच कळतं, किती चिमूट किती पातेल्याला. मार्ता सुरुवातीला ओरडायची, “टेस्ट! शोभा, टेस्ट!” मी चमचा घ्यायची, तिच्याच तोंडापुढे धरायची. ती चाखायची. असं आमचं चाललं. माझं नाक आणि तिची जीभ, दोघींत मिळून एक आचारी.

आणि मग ती संध्याकाळ आली, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलंय.

उन्हाळा होता. उन्हाळ्यात इथले लोक आपापल्या देशात पळतात, दुबई अर्धी रिकामी. आमचे स्टूल नुसते चमकत उभे. हॉटेलचे मॅनेजर फादीसाहेब, लेबनॉनचे, सुटाबुटातले आणि गोडबोले, एक दिवस किचनमध्ये आले आणि म्हणाले, “मार्ता, हबीबती, मी काय करू, वरचे लोक विचारतात. इथं चार मोठे स्क्रीन लावू, मॅच दाखवू, चिकन विंग्ज ठेवू.” म्हणजे तापास खलास. मार्ता खलास. माझा सोडून प्रत्येकाचा व्हिसा त्या हॉटेलवर, तेव्हा आम्हीही खलास. मिंगेलची मुलगी इथल्या शाळेत दहावीला होती. मी तर घरी बसले असते, ह्यांच्या व्हिसावर, पण मला बसायचं नव्हतं.

मार्ताने एक संध्याकाळ मागून घेतली. तापास आणि वाइनची संध्याकाळ, ठरलेल्या बशा, प्रत्येक बशीबरोबर ठरलेली वाइन. फादीसाहेब म्हणाले, “टेबलं भरली, आणि लोक पहिल्या बशीनंतर मोबाइल काढून बसले नाहीत, तर स्क्रीनचा विषय मी काढणार नाही. नाहीतर इन्शाल्ला पुढच्या महिन्यात सुतार येतील.” इन्शाल्ला कुठे वापरावं याला काही धरबंध?

टेबलं भरली. एका कंपनीने अर्धा बार साहेबाच्या पार्टीसाठी घेतला, बाकी आमची जुनी गिऱ्हाइकं. मेनू ठरला. पहिली बशी बदामाच्या थंड साराची. सारच म्हणायचं त्याला. बदाम, शिळा पाव, लसूण, ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर, वाटून बर्फात गार करायचं, वर द्राक्षं. पांढरंशुभ्र दिसतं. उन्हाळ्यात पोटात उतरलं की माणूस निवतो. मार्ताच्या आईचं सार होतं ते.

त्या दिवशी सकाळी मार्ता उठली ती गाल धरून. अक्कलदाढ. करामातल्या डेंटिस्टने दुपारी ती काढली, टोचून जबडा आणि जीभ बधिर केली, कापूस कोंबला आणि सांगितलं, आज तोंडात चमचासुद्धा घालायचा नाही. ती तशीच किचनमध्ये आली. गाल सुजलेला, बोलणं कापसातून. मी म्हटलं घरी जा. तिने मान हलवली आणि ॲप्रन बांधला.

तर जिची जीभ चालायची तिची बधिर झाली. आणि दुसरी मी. मी तर चाखतच नाही, पण वेळ पडली तर? तर त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून पाण्यावर आणि चहावर. बदाम उपासाला चालला असता, पण पाव आणि लसूण? मंगलमूर्ती मोरया.

गरम पदार्थांची मला चिंता नव्हती. चणे उकळले, वास आला, कळलं. वांगी तळली, कळलं. क्रोकेटचं सारण परतताना कळलं. अडलं ते सारापाशी. म्हणजे बघ, हे मी इतक्या वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं: थंड पदार्थाला वाफ नसते, त्याचा वास उठत नाही. पातेल्यावर नाक नेलं तर नुसता लसूण आणि बर्फाचा गारवा, मिठाचं काही कळेना. दरवेळी सार मीच वाटायची, पण शेवटी मार्ता चाखायची आणि खलास, म्हणजे झालं, म्हणायची. मीठ मापून टाकायचं म्हटलं तर पाव त्या दिवशी नव्या बेकरीचा, खारट आहे की अळणी कोणाला ठाऊक. आणि ही पहिली बशी. पहिलीच बेचव गेली की मोबाइल निघालेच.

वेट्रेसपैकी कुणी हे सार कधी चाखलंच नव्हतं, म्हणून मिंगेलला बोलावलं. त्याने चमचाभर घेतलं, डोळे मिटले, म्हणाला, “बरें आसा, माई.”

“मीठ?”

“बरें आसा.”

“व्हिनेगर?”

“तेंय बरें आसा.” मिंगेलच्या बायकोने वर्षानुवर्षं त्याला ब्लडप्रेशरमुळे अळणी घातलं होतं. त्याला मिठाचा कणसुद्धा खूप वाटायचा, आणि स्वयंपाकाला नावं ठेवायची सवय तर बायकोनेच मोडली होती.

मार्ता माझ्याजवळ आली. कापसातून म्हणाली, “शोभा. वन स्पून. यॉर गॉड विल अंडरस्टँड.”

मी म्हटलं, “गॉडचं मी बघून घेईन, तो माझ्या ओळखीचा आहे. पण माझी जीभ आज सकाळपासून उपाशी आहे. उपाशी जीभ खोटं बोलते. तिला सगळंच खारट लागेल, सगळंच गोड लागेल. मी चाखून सांगितलं ‘बरोबर’, तर त्याचा काय भरवसा?”

तिने पुढे केलेला चमचा परत खिशात टाकला. कांद्याच्या पोत्यावर बसली. इतक्या वर्षांत मी तिला किचनमध्ये बसलेली पाहिली नव्हती. बाहेर लोक यायला लागले होते, खुर्च्यांचे आवाज येत होते, आणि त्या आवाजात मला एकदम मावशीची पंगत आठवली. केळीचं पान मांडलं की सगळ्यात आधी काय वाढतात? मीठ. पानाच्या वरच्या टोकाला चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग बाकी सगळं. मी ते जन्मभर करत आले, पण का ते कधी विचारलं नव्हतं. कारण स्वयंपाक करणारीने चाखलेलं नसतं. मग कमी पडलं तर जेवणाऱ्याच्या हाताशी मीठ असावं.

मी म्हटलं, “मार्ता, सारात मीठ कमी ठेवू. मुद्दाम कमी. आणि प्रत्येक बशीत वरच्या बाजूला चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड.”

तिने वर पाहिलं. कापूस असूनही शब्द स्पष्ट आले. “माझ्या टेबलावर मीठ नसतं.”

ते खरं होतं. आमच्या बारमध्ये मिठाची बाटली मागितली तर मार्ताचा चेहरा पडायचा. तिच्या शिस्तीत, गिऱ्हाइकाने मीठ मागणं म्हणजे शेफला तोंडावर नापास करणं. आणि मी तिला सांगत होते की मीठ आपणच पुढे करू, न मागता.

“तुमच्यात तो अपमान असेल,” मी म्हटलं. “आमच्यात मीठ न वाढणं हा पाहुण्याचा अपमान. आधी मीठ, मग जेवण. आज माझ्या घरची पंगत आहे असं समज.”

तिने मांडलेल्या बशांकडे पाहिलं. मग उठली, फळीवरून तिचा जपून ठेवलेला समुद्राच्या मिठाचा डबा काढला, ते पापुद्र्यापापुद्र्याचं पांढरं मीठ, आणि स्वतःच्या बोटांनी पहिल्या बशीच्या वरच्या कडेला चिमूट ठेवली. “यल्ला,” म्हणाली, म्हणजे चला. कापसातून ते ‘यव्वा’ असं आलं, आणि आम्ही सगळे कामाला लागलो.

बशा बाहेर गेल्या. मी दाराच्या गोल काचेतून बघत होते. लोक बशीकडे बघतायत, मिठाकडे बघतायत, एकमेकांकडे बघतायत. फादीसाहेब बारपाशी उभे, भुवई वर. वेट्रेस धावत आत आली. “माई, ते मोठे साहेब विचारतायत, हे मीठ कशासाठी?”

मार्ता माझ्याकडे, मी मार्ताकडे. तिचं तोंड बंद होतं, तेव्हा जावं मलाच लागलं.

ॲप्रनला हात पुसत मी बाहेर आले. पार्टीच्या टेबलावरचे मोठे साहेब दिल्लीकडचे वाटले. मी हिंदीतच सुरू केलं. म्हटलं, “साब, हमारे गाँव में खाना बनानेवाली पहले चखती नहीं. पहले मेहमान. इसलिए नमक मैंने कम डाला है और बाकी आपके हाथ में दिया है. आप डालिए, अपने हिसाब से, और बताइए.”

मग साहेबांनी दोन बोटांत मीठ घेतलं, सारावर टाकलं, चाखलं. परत थोडं टाकलं. परत चाखलं. आणि शेजारच्याला म्हणाले, “मुझे इतना लगता है. तू बता, तुझे कितना?” झालं. तिथून ते टेबल पेटलं. कोणाला लिंबू जास्त, कोणाला मीठ कमी, नवरा बायकोला म्हणतोय तुला नेहमीच जास्त लागतं, बायको म्हणतेय तुझ्या आईच्या हातचं अळणी खाऊन कंटाळले म्हणून. शेजारचं टेबल त्यांचं बघून सुरू. आमचे अल ऐनचे इंग्रज साहेब एकटेच बसलेले, त्यांनीही चिमूट उचलून मला लांबून दाखवली, जणू चीअर्स. मोबाइल कोणाच्याच हातात नव्हता. हाताला मीठ लागलं होतं ना.

आणि तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, “शोभाताई?”

बघते तर आपल्या नाडकर्णी वहिनी. मंडळाच्या अध्यक्ष. पैठणी नाही, पण मोत्यांच्या कुड्या होत्या. त्या पार्टीत त्यांचे मिस्टर होते.

“वहिनी, तुम्ही इथं?”

“ह्यांच्या बॉसची पार्टी. तुम्ही इथं?”

“मी रोजच इथं.”

त्यांनी माझ्या ॲप्रनकडे पाहिलं, मग बारकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ते सगळं राहू दे. आज संकष्टी आहे हो. हे सगळे मजेत खातायत आणि मी लिंबूपाणी घेऊन बसलेय. काही मिळेल का?”

मी त्यांना आतून ऑलिव्ह तेलात खमंग परतलेले बटाटे दिले, वर मीठ, शेजारी लिंबू. बॉसच्या बायकोने बघितलं आणि म्हणाली, “ये मेनू में नहीं है? मुझे भी चाहिए.” मग अख्ख्या टेबलाने उपासाचे बटाटे खाल्ले. गणपतीला मांसाहारी टेबलही चालतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी किचनमध्ये परत गेलेच नाही. आत मार्ता बशा लावत होती, तिची बोटं तर बधिर नव्हती. मी वाढायला घेतलं. वेट्रेस बशी ठेवून जाते, पण आपण वाढतो तसं वाढतो का कुठे? मी क्रोकेटची परात घेऊन फिरले. “एक अजून घ्या. अहो, एवढंसं तर आहे. माझ्या शब्दाखातर.” लोक ‘नो नो’ म्हणत हात आडवा करायचे आणि मी हाताच्या कडेने बशीत टाकायची, मावशीने शिकवलेलं. हसून हसून लोकांची पुरेवाट. बारमध्ये आग्रह कोणी करत नाही गं, तिथे सगळं मागून घ्यायचं असतं. म्हणून तर त्यांना गंमत वाटली. मिंगेल बाटल्या उघडून दमला. जांभूळ, जांभूळ असं पलीकडून ऐकू येत होतं.

चणे गेले, वांगी गेली, मासे गेले, मिरच्या गेल्या. फादीसाहेब खिडकीपाशी आले, जिथून बशा बाहेर जातात तिथे. उरलेल्यातली एक मिरची उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. तिखट निघाली. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, सुटाच्या खिशातला रुमाल बाहेर. मार्ताने पाण्याचा ग्लास दिला. घोट घेऊन, खोकून, साहेब म्हणाले, “स्क्रीन आपण वर जिममध्ये लावू.”

मार्ताने गाल धरला. हसायला गेली आणि दुखलं.

मिंगेलने काउंटर पुसायला घेतलं. तोच तोच भाग पुसत राहिला. मग बायकोला फोन लावायला मागच्या दाराने बाहेर गेला.

इतक्यात नाडकर्णी वहिनींनी खूण केली. त्यांच्या मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ लावलेली होती. आम्ही दोघी हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये गेलो. बाहेर भट्टीसारखी हवा. दोन बिल्डिंगींच्या मधे, एका क्रेनच्या शेजारी, धुळीतून तांबूस चंद्र. वहिनींनी हात जोडले, मीही जोडले. माझ्या डब्यात गूळखोबऱ्याचे दोन मोदक होते, एक त्यांना, एक मला. मोदक खाता खाता त्या म्हणाल्या, “मंडळाच्या गणपतीला प्रसादाचं जेवण तुम्हीच बघा या वर्षी.” म्हटलं, “बघेन. पण मी कुठे काम करते ते सांगायचं असेल तर नीट सांगा.” म्हणाल्या, “सांगणार म्हणजे काय, मी जेवून आलेय तिथे.”

आत आले तर मार्ताने माझ्यासाठी शेवटची बशी राखून ठेवली होती. थंड सार, वर द्राक्षं, कडेला मीठ आणि लिंबू. सगळे भोवती उभे. इतक्या वर्षांत मी ते सार कितीदा वाटलं, पण बसून खाल्लं कधी नव्हतं. चमचा तोंडात घातला. बदाम, लसूण, मग तो गारवा. 

“वेल?” मार्ता म्हणाली.

“मीठ कमी आहे,” मी म्हटलं. “बरंच कमी आहे.”

मग बोटाने वरचं मीठ घेतलं, घातलं, ढवळलं, आणि बशी साफ केली.

त्या दिवसापासून त्या बारमध्ये पहिल्या बशीत मीठ असतं. मार्ता पुढे आईसाठी गावी परत गेली, तिथे तिने छोटं खानावळवजा काहीतरी काढलं, तिथेही ठेवते म्हणे, फोटो पाठवते. माझे गुडघे कुरकुरायला लागल्यावर मी सोडलं. स्टूल तेच, मिंगेलही तोच. मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे त्याची.

एकच राहून गेलं माझं. इतकी वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते. त्या दिवशी तेवढी बाहेर येऊन उभी राहिले, वाढलं, पण गिऱ्हाईक होऊन स्टुलावर कधी बसले नाही. ह्यांना चल म्हटलं तर म्हणतात, आता या वयात बारमध्ये? दार मधे नसलं की ह्यांचं धाडस संपतं.

म्हणून तुला सांगते, ये. अंक छापून झाला की ये, नाही झाला तरी ये. दोघी जाऊ, स्टुलावर बसू, मिंगेल तुला जांभळाची एक पाजेल, मी लिंबूसोडा घेईन. गाडी तू आणू नकोस, टॅक्सीने जाऊ. रात्री माझ्याकडेच राहा, सकाळी वांग्याचे काप करते. फक्त येताना कॅलेंडर बघ आणि संकष्टी टाळून ये. यावेळी मला पहिल्या घासापासून चाखायचंय.